पित्त एक, अर्थ दोन

लग्नाची पंगत उठली की आमच्या वऱ्हाडात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक पाहुणा छाती चोळत म्हणतो, "पित्त झालं." दुसरा बाही वर सारून लाल गांधी दाखवतो नि म्हणतो, "अंगावर पित्त उठलं बाप्पा!" शब्द एकच, म्हणून औषधही एकच. कोणीतरी मावशी पर्समधून आम्लपित्ताची गोळी काढते आणि दोघांच्याही हातावर ठेवते. पहिल्याला आराम पडतो. दुसऱ्याला मात्र भाषेनंच फसवलेलं असतं.

जेवणानंतर अशा गांधी उठतात त्या बऱ्याचदा ॲलर्जीमुळे. एखाद्या अन्नातल्या प्रथिनाला शरीर शत्रू समजून बसतं आणि आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ती विशिष्ट पेशींवर दबा धरून असतात. तेच प्रथिन पुन्हा आलं आणि त्यानं शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम सांधलं की पेशी फुटल्यागत हिस्टामीन बाहेर टाकते. मग खाज, सूज, उलट्या, आणि दुर्दैवानं गाठलंच तर श्वास कोंडून रक्तदाब कोसळतो.

यात जठराचं काम काय? तर त्या प्रथिनाचे तुकडे करणं. तुकडा फार लहान झाला की दोन प्रतिपिंडांना सांधण्याइतका तो उरत नाही. हे तुकडे पाडणारं पेप्सिन चालतं ते तीव्र आम्लातच. अकोल्या-अमरावतीच्या शेतकऱ्याला मातीचा सामू ठाऊक असतो. जठरातला सामू २ च्या आसपास असला तर पेप्सिन जोरात असतं, ४ च्या पुढे गेला की जवळपास बसूनच जातं. आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या हा सामूच तर वाढवतात.

व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा गोळ्या तीन महिने घेणारे १५२ रुग्ण तपासले. १५ टक्क्यांच्या रक्तात अन्नाविरुद्ध नवी आयजीई सापडली, १० टक्क्यांची आधीची वाढली. रक्तात आयजीई असणं म्हणजे आजारच, असं नव्हे. पण २०१९ साली ऑस्ट्रियाच्या आरोग्यविम्याच्या नोंदींतही दिसलं, की या गोळ्या घेणाऱ्यांना पुढे ॲलर्जीची औषधं लागण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. गोळीमुळेच झालं, हे अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. सावध व्हायला मात्र ते पुरेसं आहे.

सगळीच प्रथिनं जठराला सारखी शरण जात नाहीत, हेही खरं. काही फळं खाताच तोंडाला खाज सुटते आणि तिथंच मिटते, कारण त्यातलं नाजूक प्रथिन पोटात टिकत नाही. शेंगदाण्यातली काही प्रथिनं पेप्सिनलाही दाद देत नाहीत, म्हणून त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. आपल्याकडे हरभऱ्याकडेही बघावं लागेल. मुंबईच्या संशोधकांनी २००१ मध्ये हरभरा हा भारतीय उपखंडातला महत्त्वाचा ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचं मांडलं. झुणका, पाटोडी, सांभारवडी यांवर वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला हे ऐकवत नाही! बहुतेकांना हरभऱ्यानं काहीच होत नाही, हेही सांगून टाकतो.

म्हणून कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. अल्सरच्या रुग्णाला ती हवीच. प्रश्न आहे तो तिखट रस्सा झोडपण्याआधी, वर्षानुवर्षं, दुकानातून परस्पर आणून घेतलेल्या गोळीचा. ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली, तर आमसुलाचं पाणी चोळत बसण्यात वेळ घालवू नये. तिथं मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तेही ताबडतोब. पुढे डॉक्टर विचारतात, काय खाल्लं होतं? माणूस भाजी, भात, जिलबी सगळं आठवून सांगतो. सकाळी अनशापोटी घेतलेली ती गोळी सांगायची राहून जाते, कारण तिला तो औषध समजतच नाही.