वाढीव खोली आणि महापालिकेची नोटीस

खानदेशात घर एका दमात पुरे होत नाही. आधी दोन खोल्या आणि पुढे ओटा. मग मुलाचे लग्न ठरले की मागच्या मोकळ्या जागेत एक खोली, वर पत्र्याची शेड, आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाता यावे म्हणून बाहेरून जिना. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला या जिन्याची गरज समजावून सांगावी लागत नाही. घर असे वाढत असताना परवानगीचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. मिस्त्री म्हणतो, "कोण विचारतं?" आणि पंधरा-वीस वर्षे खरोखरच कोणी विचारत नाही. मग एके दिवशी नोटीस येते. ती आल्यावर काय करावे आणि काय करू नये, याची माहिती सभासदांना आणि विशेषतः कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना असावी, म्हणून हा लेख.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त एस. टी. वाहक आहेत. मुलाच्या लग्नाआधी त्यांनी मागे एक खोली व संडास बांधला आणि बाजूच्या बोळात जिना काढला. शेजाऱ्याशी सांडपाण्यावरून बिनसले, अर्ज गेला, नोटीस आली. नानांनी ती वाचली, घडी केली आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवून दिली. त्यांचे म्हणणे सरळ होते : "वाढीव खोलीची घरपट्टी मी दरसाल भरतो. मग बांधकाम बेकायदेशीर कसे?" वस्तीतल्या एका पुढाऱ्याने "मी बघतो" असे सांगितले. तीन आठवडे गेले. धाकटी मुलगी बी. ए. च्या वर्गात होती. तिने पिशवी उघडून नोटीस नीट वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "आबा, ही मिळाली कोणत्या तारखेला?" तो प्रश्न घरात तोवर कोणीच विचारला नव्हता.

प्रथम घरपट्टीचा गैरसमज दूर केला पाहिजे, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. कर आकारणी हा एक विभाग आणि बांधकाम परवानगी हा दुसरा. इमारत उभी आहे म्हणून तिच्यावर कर बसतो. ती कायदेशीर आहे की नाही, हे करनिरीक्षक ठरवीत नाही. उलट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यातील कलम २६७-अ प्रमाणे बेकायदेशीर बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती दरवर्षी बसविता येते, आणि शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. वीजबिलाचेही तेच. या पावत्या निरुपयोगी मात्र नाहीत. बांधकाम कोणत्या साली होते, हे दाखविण्यासाठी त्यांच्यासारखा पुरावा नाही. म्हणून पिशवी जपावी, पण तिच्यावर विसंबून बसू नये.

परवानगीचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. परंतु हा कायदा त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडे लागू आहे. "आमचे बांधकाम नगरपालिकेच्या वेळचे आहे" हा बचाव त्यामुळे टिकत नाही. कलम ४३ नुसार विकासकामाला परवानगी लागते. घराच्या केवळ आतल्या दुरुस्तीला, म्हणजे फरशी बदलणे, गिलावा, रंग अशा कामांना ती लागत नाही. भिंत बाहेर सरकली, छत वाढले, मजला चढला की लागते. कलम ४४ प्रमाणे अर्ज करावयाचा असतो आणि विनापरवाना बांधकाम हा कलम ५२ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता नोटिशीकडे वळू. तिच्यात कलम कोणते आहे, हे आधी पाहावे. कलम ५४ असेल तर काम चालू आहे आणि ते थांबवा, असा अर्थ. त्या दिवसापासून एक वीटही पुढे चढवू नये. नोटीस आल्यावर रातोरात स्लॅब टाकणारे लोक स्वतःची बाजू स्वतःच्या हाताने बुडवितात. कलम ५३ असेल तर झालेले बांधकाम काढा, असा अर्थ. ह्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात सामान्य माणसासाठी एक वाट ठेवलेली आहे आणि नोटीस घेऊन येणारा शिपाई ती सांगत नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत आपण ते बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज केला, तर त्या अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत नुसत्या नोटिशीच्या आधारे बांधकामाला हात लावता येत नाही. परंतु अर्ज मुदतीतच जावा लागतो. मुदत संपल्यावर महापालिका बांधकाम पाडू शकते आणि पाडण्याचा खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे आपल्याकडूनच वसूल करू शकते.

नानांच्या मुलीच्या हाती आठ दिवस उरले होते.

याखेरीज १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामासंबंधी दिलेला निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने तो दिला. (गवईसाहेब अमरावतीचे, पुढे मे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) डोक्यावरचे छप्पर हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे, असे मानून न्यायालयाने रीत घालून दिली. कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय पाडकाम नाही. उत्तरासाठी स्थानिक कायद्यातील मुदत किंवा पंधरा दिवस, यांपैकी जी जास्त असेल ती. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि घरावरही चिकटवावी. नेमके काय नियमबाह्य आहे, कोणती कागदपत्रे हवीत, सुनावणी कोणापुढे व केव्हा, हे तिच्यात असावे. नोटिशीवर मागची तारीख टाकली जाऊ नये म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाला ती लगेच कळवावी. प्रत्यक्ष सुनावणी व्हावी, आणि बांधकाम तडजोडीने नियमित होण्याजोगे आहे की नाही व पाडण्यावाचून दुसरा उपाय का नाही, हे अंतिम आदेशात लिहावे. आदेशानंतरही पंधरा दिवस थांबावे. पाडकामाचे चित्रीकरण व्हावे. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होऊ शकते.

पण हाच निकाल रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय यांवरील अतिक्रमणाला लागू नाही. आणि महिनाभराहून थोड्या अधिक काळातच, १७ डिसेंबर २०२४ रोजी, मीरतच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितले की, केवळ बरीच वर्षे झाली किंवा प्रशासन झोपले होते, एवढ्यावर बेकायदेशीर बांधकाम कायदेशीर ठरत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. पहिला आपल्याला आपले म्हणणे मांडण्याचा वेळ देतो. मांडण्याजोगे काही असले पाहिजे, ही जबाबदारी आपली.

मांडण्याजोगे काय असते? खोली आपल्याच भूखंडावर आहे, चटई क्षेत्र निर्देशांकात बसते, फक्त परवानगी घेतली नव्हती, अशी स्थिती असेल तर शुल्क व दंड भरून ती बहुधा नियमित होते. भिंतीलगत सोडावयाची जागा व्यापली असेल तर काही भाग काढावा लागतो. बोळावर, नाल्यावर किंवा दुसऱ्याच्या जागेवर गेलेले बांधकाम वाचत नाही. त्यासाठी वकिलाला पैसे देणे म्हणजे दुहेरी नुकसान. राज्याने २०१७ साली कलम ५२-अ आणून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना तडजोडीची संधी दिली, तेव्हाही नदीपात्र, निळी पूररेषा व धोकादायक इमारती वगळल्या होत्या. धुळ्यात पांझरेकाठी राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हे नियम केवळ त्रास देण्यासाठी आहेत, असेही समजू नये. ठाण्याजवळ शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदेशीर इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्यांत मजूर होते, लहान मुले होती.

आपल्यापैकी अनेकांची खरी अडचण मात्र खोलीची नसून भूखंडाचीच असते. शेतमालकाकडून गुंठा-दोन गुंठे जागा स्टॅम्पपेपरवर घेतलेली, अकृषिक परवानगी नाही, ले-आउट नाही. अशांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढविली. भूखंड नियमित झाल्यावाचून त्यावरील खोली नियमित होणे कठीण, म्हणून सुरुवात तेथून करावी.

कागद जमविताना खरेदीखत, सिटी सर्व्हे किंवा ७/१२ उतारा, मोजणीचा नकाशा आणि जुना मंजूर नकाशा हे मुख्य. जुना नकाशा घरी नसेल तर माहितीच्या अधिकारात (२००५) महापालिकेकडे त्याची प्रत मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवस असल्याने तो अर्ज नोटीस येण्याची वाट न पाहता आजच टाकावा. नवा नकाशा परवानाधारक अभियंत्याकडूनच काढून घ्यावा. आणि प्रत्येक कागद आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. साहेबांशी झालेले बोलणे किंवा पुढाऱ्याने दिलेला शब्द यांची आवक नोंद होत नसते.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसणारेही आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. जातीचा दाखला सोबत न्यावा. जळगाव व धुळे येथे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १९६६ च्या कायद्याखालील नोटिशीविरुद्ध दिवाणी दाव्याला कलम १४९ आड येते. परवानगी नाकारली गेल्यास कलम ४७ प्रमाणे चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते, आणि रीतच पाळली नसेल तर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे.

नानांचा अर्ज मुदत संपायच्या दोन दिवस आधी गेला. मोजणीत खोली व संडास आपल्या हद्दीत निघाले, जिना बोळात निघाला. जिना त्यांनी स्वतःच मजूर लावून काढला, त्याचा फोटो अर्जाला जोडला आणि खोली दंड भरून नियमित करून घेतली. गच्चीवर जायला आता आतून लोखंडी शिडी आहे. चढताना गुडघे दुखतात, अशी त्यांची तक्रार असते.