आधी सांगा, पिवळं पान कुठलं?

"बाई, युरिया झाला, शेणखत झालं, तरी मोगरा पिवळाच!" शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "पिवळी पानं कुठली? खालची की शेंड्याची?" ते त्यांनी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. झाडाचं दुखणं घेऊन कुणीही आलं, की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

झाड माती खात नाही. मातीतले क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण होतात आणि मुळं तेवढेच आत घेतात. नायट्रेटमधून मिळालेल्या नायट्रोजनवर प्रथिनं बनतात. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. नायट्रोजन, मॅग्नेशियम, पालाश यांतलं काही कमी पडलं, तर झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवतं. म्हणून ही उणीव आधी खालच्या पानांवर दिसते. नायट्रोजन नसेल तर सगळं पान फिकटतं. मॅग्नेशियम नसेल तर शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडते. पालाश नसेल तर कडा करपतात. लोहाचं उलट आहे. ते ज्या पानात गेलं तिथून सहसा हलत नाही, त्यामुळे तुटवडा आला की उपासमार कोवळ्या पानांची होते.

वहिनींचा मोगरा खाली हिरवागार होता. शेंड्याची पानं पिकल्या लिंबासारखी, त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. लोहच कमी असणार, असं वाटलं. पण नुसत्या नजरेवर मी विसंबत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि लिंबाचा थोडा रस घालून एकाच फांदीवर फवारलं. शेजारच्या फांदीवर साधं पाणी. आठवड्याभराने वहिनींनी मला हाक मारली. पहिल्या फांदीच्या पानांवर जिथे थेंब बसले होते, नेमके तिथेच हिरवे ठिपके उमटले होते. दुसरी फांदी होती तशीच.

आता खरा प्रश्न उरला. आमच्या बेलवली गावची माती सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, तिच्यात लोहाला काय तोटा? कुंडीतली चमचाभर माती बशीत घेऊन मी तिच्यावर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला. इमारतीचं काम चालू असताना आवारात पडलेली माती वहिनींनी कुंडीत भरली होती आणि तिच्यात चुना-सिमेंटचा चुरा होता. अशा अल्कधर्मी मातीत लोह जवळजवळ विरघळतच नाही. असूनही मुळांना मिळत नाही. तिथे युरिया ओतून काय होणार? माती बदलली.

शेतातही अशीच फसगत होते. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताची पानं गंजल्यासारखी तांबडी पडत. काताच्या रंगावरून लोक त्याला 'खैरा' म्हणत. 1966 साली पंतनगरच्या डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिलं, की ही जस्ताची उणीव आहे. आपल्याकडे ठाणे-रायगडात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्या राखेतून पालाश आणि चुना मिळतो, पण नायट्रोजन धुराबरोबर उडून जातो. म्हणून शेतकऱ्याने माती तपासून घ्यावीच. शेतात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखे वीतभर खोल खड्डे करायचे, कडेची माती खरवडून एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची आणि खताच्या ढिगाखालची माती घ्यायची नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना मी क्षारांची ही उणीव बाटल्यांत करून दाखवली. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, कारण नळाच्या पाण्यात आधीच क्षार असतात. पाच बाटल्या: एकीत सगळे क्षार, एकीत नायट्रोजन सोडून बाकीचे, एकीत मॅग्नेशियम सोडून, एकीत लोह सोडून आणि एक नुसत्या पाण्याची. बाटल्यांना काळा कागद गुंडाळला, नाहीतर शेवाळ धरतं आणि क्षार तेच खातं. प्रत्येकीत मक्याचं रोप. मक्याचा दाणा स्वतःची शिदोरी घेऊन येतो, म्हणून रोप बोटभर झाल्यावर दाणा अलगद कापून टाकला. पाण्यात हवा खेळावी म्हणून फिशटँकचा पंप लावला.

तिसऱ्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने नायट्रोजन नसलेल्या बाटलीचा कागद सोडला. रोप खुजं, खालचं पान वाळलेलं, पण मुळं पार बाटलीच्या तळाला टेकून वळलेली. सगळं मिळालेल्या रोपापेक्षाही लांब.

"बाई, उपाशी आहे, मग मुळं एवढी कशी वाढली?"

"तू सांग," मी म्हटलं.

बराच वेळ बाटली उजेडासमोर धरून ती म्हणाली, "शोधतंय."