समुद्रातील शीव आणि मासेमारीचा परवाना

आम्हा महाड-पोलादपूरकरांचा समुद्राशी संबंध सावित्रीपुरताच. महाबळेश्वरी उगम पावून ती आमच्या गावांवरून वाहते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये सागरास मिळते. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी मासळी शिजतही नाही. तथापि मासेमारीच्या परवान्याचा प्रश्न त्यांनी अवश्य समजून घ्यावा; कारण मुळात तो शिवेचा तंटा आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेवर वड-पिंपळ लावावेत आणि भूमीत राख, कोंडा, खापऱ्या पुरून ठेवाव्यात, असे सांगितले आहे. समुद्रात खापरी पुरावयाची कोठे? तेथे कायदा अंतर मोजतो. 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, मासेमारीचे नियमन राज्याकडे, त्यापलीकडे केंद्राकडे. गोव्याचा कायदा 1980 चा, महाराष्ट्राचा 1981 चा, कर्नाटकाचा 1986 चा. एका राज्याचा परवाना दुसऱ्याच्या पाण्यात चालत नाही. बरे, नदी शीव मानावी, तर तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यातच!

ह्याची झळ पोचते ती सिंधुदुर्गातील रापणकरांस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढावयाचे मोठे जाळे. मिळेल त्या मासळीचे वाटे होतात. गोवा व कर्नाटकाकडील वेगवान ट्रॉलर रात्री आत शिरून मासळी खरवडून नेतात, ही त्यांची जुनी तक्रार आहे. दोष केवळ परक्यांचा म्हणावा, तर तेही न्याय्य नव्हे. आपल्याच राज्यातील पर्ससीन नौकांवर सरकारला 2016 साली निर्बंध घालावे लागले.

पूर्वी अशा नौकेचा खटला तहसीलदारापुढे चाले. 2021 च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांस मिळाला आणि दंडही लाखांच्या घरात गेला. हे योग्यच झाले. परंतु दंड होण्यास आधी नौका सापडावयास हवी. केंद्राने 2015 साली आपल्या पाण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची पावसाळी बंदी ठरविली. बंदीचा काळ असा एकत्र ठरू शकतो, तर शेजारी राज्यांची गस्त एकत्र का होऊ नये, हे आम्हांस कळत नाही. 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर नौकांना राज्यवार वेगळे रंगही नेमून दिले गेले. पण घुसखोरी होते ती रात्री, आणि रात्री रंग दिसत नाही.