थोरली, मधला आणि शेंडेफळ

'थोरली समजूतदार, मधला हट्टी, शेंडेफळ लाडावलेले,' असे घरोघरी बोलले जाते. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनीही जन्मक्रमाने स्वभाव घडतो, असे मांडले होते. परंतु २०१५ साली अमेरिका, ब्रिटन व जर्मनीतील वीस हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात तसा टिकाऊ परिणाम जवळजवळ आढळला नाही.

मग थोरली समजूतदार का दिसते? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत आई बांधीत जाते आणि धाकटे भावंड थोरलीच्या कडेवर येते. शाळा सुरू असते; खाडा मात्र तिचा पडतो. तो समजूतदारपणा जन्माचा नाही, आपणच तिच्यावर लादलेला आहे.

पूज्य बाबासाहेब हे रामजी व भीमाबाईंचे चौदावे अपत्य. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च सुभेदारांना झेपेना, तेव्हा थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. आनंदरावांचा हा त्याग आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. पण प्रत्येक घरातील थोरल्याने शाळा सोडावी, असा नियम त्यातून निघत नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत धम्म स्वीकारताना आपल्या वडीलधाऱ्यांनी जन्मावरून ठरणारी पायरी नाकारली. मग घरात जन्मक्रमावरून कामाचे वाटे का पडावेत? तीन वर्षांवरील लेकरू अंगणवाडीत पाठवा, घरकामाच्या पाळ्या लावा, त्यात मुलांनाही घ्या. बंधू-भगिनींनो, यंदाच्या रोवणीत थोरलीची शाळा चुकू देऊ नका.

जय भीम!