नावाची काठी

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या लांब नळकांड्यात काकांची बिलियर्डची काठी होती. तिच्या बिल्ल्यावर नाव होते जो डेव्हिस! १९२७ ते १९४६ या काळात स्नूकरचे जगज्जेतेपद पंधरा वेळा मिळवणारा हा इंग्रज. “ही त्याची स्वतःची काठी,” असे काका छातीठोकपणे सांगत.

यंदा घर गळू लागले, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, ती काठी तरी विका!”

मी ती क्लबातल्या एका जुन्या मार्करला दाखवली. डोळ्यासमोर धरून त्याने ती सरळ आहे ना, हे पाहिले. मग बुंध्यावरून बोट फिरवले.

“आबनुसाचा हा सांधा बघा, साहेब. यंत्राने केला की टोके अणकुचीदार, हाताने केला की गोलसर. ही हातची. कापलेली नाही, नवे पॉलिशही नाही. माल अस्सल आहे.”

“म्हणजे डेव्हिसचीच?”

तो हसला. “त्याच्या नावाचे बिल्ले लावून काठ्या दुकानांत विकत. बॅटवर खेळाडूची सही असते ना, तशी!”

रविवारी गिऱ्हाईक आले. “खुद्द डेव्हिसची का हो?”

काकांचे वाक्य अगदी ओठांवर आले होते. ‘हो’ म्हटले असते तर किंमत कितीतरी चढली असती. सौ. दारातून पाहत होती.

“त्याच्या नावाची,” मी म्हणालो, “त्याच्या हातची नव्हे.”

त्यांनी ती घेतली, पण बेताच्या भावात. त्यात स्वयंपाकघराचे छप्पर तेवढे झाले. दिवाणखान्यात पावसाळाभर बालदी होती. झोप मात्र शांत लागत होती!