नेट गेलं, पण नेमकं कुठून?

मे महिन्याच्या भर दुपारी सोलापुरातल्या एखाद्या घरात कॉम्प्युटरवरचं नेट गेलं, की पहिला उपाय ठरलेला. राउटरचं बटण बंद करायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, पुन्हा सुरू करायचं. बऱ्याचदा नेट येतंही. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात साधारणपणे ० ते ४० अंश सेल्सिअस ही चालण्याची मर्यादा दिलेली असते, आणि सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या छताखाली, टीव्हीच्या कपाटात, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलेल्या डब्याला धाप लागली तर नवल नाही. बंद केल्यावर तो जरा निवतो, त्याच्या मेमरीत साचलेला गुंताही पुसला जातो. मात्र रुमाल काढून डबा मोकळ्या हवेत ठेवावा, हे क्वचितच कुणाला सुचतं.

‘नेट यायना झालंय’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे लांबलचक वाट असते: कॉम्प्युटर, राउटर, भिंतीवरचा फायबरचा डबा, खांबावरची वायर, कंपनीचं केंद्र आणि मग जग. यंत्रमागावर धागा तुटला की विणकर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो आणि गाठ मारतो. इथेही काम तेवढंच आहे, टोक शोधण्याचं.

सुरुवात मोबाइलपासून करावी. त्याच वायफायवर मोबाइल चालतो का, ते पाहायचं. पण आधी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून. अनेक जण इथेच फसतात. वायफाय मेलेलं असतं, मोबाइल गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर गेलेला असतो आणि दोष मात्र बिचाऱ्या कॉम्प्युटरवर येतो.

मोबाइल खरोखरच वायफायवर चालत असेल, तर बिघाड कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. लॅपटॉपवर चुकून एअरप्लेन मोडची कळ दाबली गेलेली असते. राउटर बदलल्यावर नवा पासवर्ड टाकायचा राहिलेला असतो. जुन्या कॉम्प्युटरचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असेल, तर त्याला ५ गिगाहर्ट्झवरचं नाव यादीत दिसतच नाही. लॅनची वायर असेल तर तिच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप पाहावी. ती मोडली की वायर बसल्यासारखी दिसते, पण ‘टक्’ आवाज येत नाही.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तर विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असं इंग्रजीत टाइप करून पाहावं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. बऱ्याच घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. त्याजागी १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर उलगडा झालाच म्हणायचा. कॉम्प्युटरने पत्ता मागितला, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला.

त्याच खिडकीत ‘पिंग’ची आज्ञा देऊन गूगलच्या ८.८.८.८ या क्रमांकाला हाक मारता येते. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव पडलेली ही छोटीशी युक्ती माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली आणि ती अजून रोज वापरात आहे. क्रमांकाकडून उत्तर येतं, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही? मग वाट शाबूत आहे, बिघडलीय ती डीएनएस नावाची व्यवस्था, म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणारी डिरेक्टरी.

एक दोष मात्र भल्याभल्यांना चकवतो. जुन्या डेस्कटॉपमधला रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल, सीआर २०३२, संपला की कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेवर चालतात. त्यामुळे नेट ठीक असूनही पानामागून पान ‘असुरक्षित’ म्हणून अडतं, आणि माणूस कंपनीला फोन लावत बसतो. खरं तर तारीख दुरुस्त केली की काम भागतं. सेल नवा टाकला की पुन्हा ती वेळ येत नाही.

मोबाइलही चालत नसेल, तर भिंतीवरच्या डब्याकडे वळावं. त्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही. डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. फायबरमधून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वायरीचं टोक काढून त्यात डोकावूही नये. कपाट सरकवताना वायर काटकोनात दुमडली गेली असेल, तर तेवढ्यानेही प्रकाश बाहेर झिरपतो. बाकीचं कारण रस्त्यावर. कुठे खोदकामात वायर तुटते, कुठे खांबावरची लोंबणारी वायर ट्रकमध्ये अडकते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवणुकीने निघतात, तेव्हा त्या मार्गावरच्या वायरी हा प्रशासनाच्या तयारीतला एक विषय असतोच.

लाईट गेल्यावरचं कोडं तर पिढीगणिक बदललंय. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजकडून तांब्याच्या तारेतून ४८ व्होल्टची वीज मिळायची, त्यामुळे अंधारातही फोन वाजायचा. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. घरात इन्व्हर्टरवर पंखा चालू असतो, पण डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लायनीवर नसतो, आणि सगळे ‘नेट पण गेलं’ म्हणून बसतात.

आणि कधी तुटलेलं टोक सोलापुरात नसतंच. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, आणि भारतातलं नेट रेंगाळलं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदमच गायब झालं ते साधारण सहा तास. फेसबुकच्याच यंत्रणेत देखभालीदरम्यान चूक झाली होती. त्या वेळात एखाद्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडून पाहिलं असतं, तर ते नेहमीसारखं उघडत होतं.