आधी धडधड, मग समज

रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की मांडणीवरची भांडी किणकिणतात. आपण मान वर करून बघतो आणि पुन्हा हातातल्या कामाला लागतो. पण भूकंपातून वाचलेल्या माणसाला हीच किणकिण ऐकू आली तर? तो उंबरा ओलांडून थेट अंगणात. ‘काही नाही, ट्रक होता’ हे त्याला कळतं ते अंगणात उभं राहिल्यावर.

हा क्रम नीट बघा. पाय आधी निघाले, समज मागून आली. शरीर आपलं, पाय आपले, मग आपल्याला न विचारता हा हुकूम दिला कुणी?

धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, हा प्रश्न पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक नुकतेच आडवे झालेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण उस्मानाबादच्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगावही त्याच पहाटे कोसळली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेली माळवदं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जमीन मात्र त्यानंतरही कित्येक महिने अधूनमधून हलत राहिली.

आता त्या हुकमाकडे येऊ. दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचे पेशींचे दोन पुंजके असतात. त्यांना अमिग्डला म्हणतात. कानात शिरलेला आवाज मेंदूत दोन वाटांनी जातो. एक वाट लांबची आहे. ती विचार करणाऱ्या भागातून जाते आणि तिथे ‘हा ट्रक की भूकंप’ याची छाननी होते. दुसरी आडवाट थेट अमिग्डलाकडे जाते. तिथे छाननी नाही, फक्त जुन्या धोक्याशी ताडून बघणं. जोसेफ लडू या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून ही आडवाट दाखवून दिली. सेकंदाच्या अगदी लहानशा तुकड्यात इशारा सुटतो आणि छाननीचा निकाल हाती येईपर्यंत आपण दाराबाहेर असतो.

इशारा सुटल्यावर शरीरात जे घडतं ते बघून तर थक्क व्हायला होतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या इवल्याशा ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडू लागतं. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. कातडीकडचं रक्त मांड्यांच्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. पचन थांबतं, म्हणून तोंडाला कोरड पडते आणि पोटात गोळा येतो. पळायच्या वेळी जेवण पचवून करायचंय काय! आपण ज्याला ‘घाबरट स्वभाव’ म्हणून हिणवतो, ती जीव वाचवण्याची कोट्यवधी वर्षं घासूनपुसून तयार झालेली यंत्रणा आहे.

शेतवस्तीवरचा राखणीचा कुत्रा आठवा. चोर आला तरी भुंकतो, पाहुणा आला तरी भुंकतो. शांत राहून एकदा चोर आत सोडण्यापेक्षा शंभरदा उगाच भुंकणं त्याला परवडतं. अमिग्डलाचा हिशोब नेमका हाच. आणि कुत्र्याला ‘अरे, हे आपले मामा आहेत’ असं समजावून सांगत बसणारा माणूस कुणी पाहिलाय? तरी भेदरलेल्या माणसाला आपण मात्र हेच सांगतो: ‘घाबरू नकोस, काही होत नाही.’ हा सल्ला जातो विचार करणाऱ्या भागाकडे. भुंकतंय दुसरंच कुणीतरी.

बरं, कुत्र्याला भुंकायला समोर कुणीतरी यावं लागतं. माणसाला तेवढंही लागत नाही! सोयाबीन काढणीला आलंय, आभाळ भरून आलंय, बँकेचा हप्ता तोंडावर आहे. पाऊस अजून पडलेला नाही, पण अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनात पडून जातो, पीक कुजतं, हप्ता थकतो, आणि शरीर त्या न झालेल्या नुकसानीसाठी खरीखुरी साखर, खरंखुरं ॲड्रेनलिन खर्च करतं. उद्याची कल्पना करण्याच्या ज्या शक्तीवर माणसाने शेती उभी केली, तीच रात्री दोन वाजता त्याला जागं ठेवते. ट्रक निघून जातो. काळजीला तसं जाणं नाही. मग कॉर्टिसोल हे दुसरं संप्रेरक दिवसेंदिवस चढं राहतं, झोप मोडते, चिडचिड होते, विसरायला होतं.

मग या राखणदारापर्यंत पोचायचं कसं? एक रस्ता अगदी मनगटावर आहे. आत्ता नाडीवर बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. श्वास आत घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. अनेकांना हा चढउतार बोटांखाली चक्क कळतो. हृदयाला आपण हुकूम देऊ शकत नाही, पण मेंदूतून निघून छातीत आणि पोटात उतरणारी व्हेगस नावाची चेता उच्छ्वासाबरोबर त्याला लगाम घालते. म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड उतरते. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेवरची लॅटिन ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले. दोन धर्म, दोन भाषा, पण दोन्हीकडे श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आलेला! भजनात ओळ लांब ओढताना आपणही उच्छ्वासच लांबवत असतो. गावात मयत झाल्यावर रात्री भजनाला बसण्याची रीत पाडणाऱ्यांना व्हेगस ठाऊक नव्हती, पण काम तिच्याकडूनच करून घेतलं.

श्वासाने तेवढी वेळ निभावते. राखणदाराला नवं शिकवायचं तर वेळ लागतो. भूकंपानंतर माणसांना दगडाची धास्ती बसली होती. पत्र्याच्या शेडमध्ये तापत राहू, पण दगडाखाली झोपणार नाही, असं म्हणणारे कितीतरी होते. ती भीती पुसता येते का? इथे मेंदू एक चमत्कारिक गोष्ट करतो. तो जुनी आठवण खोडतच नाही. भिंत, छप्पर, रात्र आणि तरीही काही झालं नाही, असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की तो जुन्या आठवणीशेजारी नवी आठवण रचतो. नवी बळकट झाली की जुनी दबते. म्हणून वर्षांनंतर एखाद्या हादऱ्याने ती उसळून आली तर ‘सावरलेलं सगळं वाया गेलं’ असं समजू नये. नवी आठवणही तिथेच असते. उलट ज्याची भीती वाटते ते कायम टाळत राहिलं, तर नवी आठवण तयार व्हायला जागाच मिळत नाही.

आणि ही शिकवणी एकट्याने फार अवघड जाते. लातूर-उस्मानाबादने ती मिळून करून दाखवली. घरांच्या दुरुस्तीच्या आणि मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंत कुठे आणि कशी बळकट करायची हे त्या शिकल्या आणि शेजाऱ्यांना समजावू लागल्या. ज्या भिंतीची धास्ती, तिलाच हात लावायचा, तोही चारचौघींसोबत! २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला गेल्या. मला तर या सगळ्या कहाणीत ही गोष्ट भूकंपाहून मोठी वाटते.

एक सवय मात्र आपण सोडली पाहिजे. दुःखाच्या घरी जाऊन ‘कसं झालं हो?’ म्हणत सगळं पहिल्यापासून वदवून घेण्याची. आघातानंतर लगेच माणसाला एका बैठकीत सगळं बोलायला लावण्याचे प्रयोग जगभर झाले आणि त्यांचा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका वेगळं सांगते: आधी सुरक्षितता, पाणी, अंथरूण, हरवलेल्या नातलगांचा शोध, माणूस आपणहून बोलला तर ऐका, खोदू नका.

बहुतेक माणसं आपल्या माणसांत राहून, वेळ घेत सावरतात. काहींना तेवढं पुरत नाही. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कामात मन नसेल, किंवा कधीही जगणं नको वाटलं, तर वाट बघू नका. गावातल्या आशाताईंना सांगा, किंवा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडून मराठीत बोलतात. घरातलं कुणी तसं दिसत असेल तर नंबर तुम्ही लावून फोन त्यांच्या हातात द्या.